मदत हवी आहे : ट्रम्प खटल्यातला पुराव्याचा मुद्दा कोणी उलगडेल का?

पदावर असताना केलेल्या कृत्यांसाठी माजी राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटला चालवता येतो का, यावरचा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १ जुलै २०२४ चा निकाल (ट्रम्प विरुद्ध अमेरिका) वाचतेय. ६ विरुद्ध ३. ढोबळ चौकट कळली: घटनेने फक्त राष्ट्राध्यक्षालाच दिलेल्या अधिकारांत खटल्यापासून पूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कामांत निदान गृहीत धरलेलं (म्हणजे सरकारी पक्षाने खोडून काढेपर्यंतचं) संरक्षण, खासगी कृत्यांना शून्य. इथपर्यंत ठीक.

घोडं अडलंय ते पुराव्यापाशी. खासगी गुन्ह्याचा खटला चालला तरी संरक्षित अधिकृत कृती पुरावा म्हणून वापरायची नाही, असं बहुमताचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणतात. मग लाच घेऊन कोणाला राजदूत नेमलं, तर नेमणुकीचा उल्लेखच न करता लाच सिद्ध कशी करायची? बहुमतातल्या न्यायमूर्ती बॅरेटसुद्धा नेमक्या याच भागात सामील झाल्या नाहीत. तळटीपेत सार्वजनिक नोंदी दाखवायची मुभा दिलीय म्हणे, पण हेतूबद्दलच्या साक्षीचं काय?

आणखी एक. संरक्षण आधीपासून होतंच, तर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्डनी माजी राष्ट्राध्यक्ष निक्सनना माफी का दिली? की वॉटरगेट प्रकरणातली (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) निक्सनची कृत्यं खासगीच धरली असती?

कायद्यातल्या जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगावं. ट्रम्प चांगले की वाईट हा वाद इथे नको, प्लीज.