मदत हवी आहे: वाईच्या वाड्यातली सागवानी तुळई कार्बन-१४ च्या अभ्यासाला उपयोगी पडेल का?

नमस्कार मंडळी,

वाईला गंगापुरीत आमच्या मामांचा वाडा उतरवायला काढलाय. तुळया वखारवाला नेणार आहे. मामा म्हणतात, हवा तेवढा तुकडा कापून घे. तो कसा कापायचा आणि कुठे द्यायचा, हे जाणकारांकडून हवंय.

वैश्विक किरणांमुळे वातावरणात सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळले की कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, तयार होतो. झाड तो हवेतून घेतं आणि त्या वर्षीच्या वलयात साठवतं. सूर्यावरची चुंबकीय खळबळ थंडावली की वैश्विक किरण जास्त आत येतात, कार्बन-१४ वाढतो. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ दिसतच नव्हते, म्हणजे तो असाच शांत होता. शिवरायांचा राज्याभिषेक, औरंगजेबाचा अजिंक्यताऱ्याला वेढा, सगळं त्याच काळातलं. घरचे वाडा सवाई माधवरावांच्या वेळचा सांगतात. झाड शंभरेक वर्षांचं असेल, तर तुळईचा गाभा नेमका तिथे पोचतो! मला तर राहवतच नाहीये.

१८५९ चं प्रचंड सौरवादळ आपल्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलं, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे साधारण १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं. पण त्याच्या फार मागे जायचं तर झाडं आणि ध्रुवांकडचा बर्फच. जपानी सीडरच्या वलयांतून संशोधक फुसा मियाके यांनी २०१२ मध्ये इ.स. ७७४-७५ ची कार्बन-१४ ची उसळी दाखवली, सुमारे १२ प्रतिहजार. आमच्या तुळईत एवढं ठळक काही मिळणार नाही, हे माहीत आहे.

एका टोकावरचा चुना खरवडून ओलं फडकं फिरवलं, तर वलयं स्वच्छ दिसली. मधली रुंद, कडेला दाटीवाटीने. अडचण अशी की तुळई चौकोनी तासलेली आहे, साल नाही, बाहेरची वलयं गेलेली. मग वर्ष कसं ठरवायचं? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास केलाय, त्यांच्या क्रमाशी आमची वलयं जुळवून मिळतील का? कार्बन-१४ दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये मोजतात. तिथे नमुना कॉलेजमार्फतच द्यावा लागतो का? आणि घरात लाकडाला वर्षानुवर्षं तेल लावलंय, वाळवीचं औषधही मारलंय. असं लाकूड चालतं?

मामांनी वखारवाल्याला सोमवारपर्यंत थांबवलंय. चकती किती जाड कापायची आणि तुळईच्या कुठल्या भागातून, एवढं तरी त्याआधी कुणी सांगा. बाकीचं सावकाश चालेल.