रे रोड की कॉटन ग्रीन, एक बंद करा?

लालबागकर: "रे रोड, कॉटन ग्रीन ही दोन्ही स्टेशनं खेटून आहेत, एक बंद करा, हार्बर सुसाट धावेल" ही मुंबईच्या हार्बर लोकलबद्दलची कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. एक थांबा गाळून जेमतेम दीड-दोन मिनिटं वाचतील. हार्बर रखडते सीएसएमटीला. तिथे तिला फलाट दोनच. रेक (अख्खी गाडी) आत आला की मोटरमन-गार्ड टोकं बदलणार, सिग्नल मिळणार, मग तो बाहेर; तोवर मागची गाडी आधीच्या मस्जिद स्टेशनला उभी. शिवाय वडाळ्याला पनवेल आणि गोरेगावच्या गाड्या एकाच मार्गावर येतात. आणि रे रोड फुटकळ स्टेशन नव्हे. १९१० साली कुर्ल्याहून निघालेली हार्बर इथेच संपायची. व्हीटी (आताचं सीएसएमटी) गाठली १९२५ मध्ये, तीही विजेवर.

मूळ पोस्टवाला: इतिहासावर गाड्या धावत नाहीत. कापसाच्या गासड्या गेल्या, पोर्ट ट्रस्टची मालगाडी गेली. उतरतं कोण?

शिवडी नाका: रे रोडला लागून असलेल्या दारूखान्यातले भंगार आणि लोखंडाचे गाळे बघा, मग विचारा! २०२४ ला मंत्रिमंडळाने कॉटन ग्रीनचं काळाचौकी करायला मंजुरी दिली. नाव बदलायला वेळ आहे, डबा आणि फलाट यांत फट पडते, ती फलाटाची उंची कोण बघणार?

मूळ पोस्टवाला: रुळापासून ८४० मिमी उंचीचे फलाट ९०० ते ९२० करायचं ठरलंय ना? करा उंच, संपला विषय.

खडी-रूळ: नाही संपत. टॅम्पिंग मशीन रूळ उचलून खाली खडी ठासतं. दर वेळी रूळ थोडे वर चढतात, फलाट तिथेच. म्हणून आधी ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या बंद ठेवून, खडी चाळायची, रूळ मूळ पातळीला आणायचे, मगच फलाटाच्या कडेची लादी उंच करायची. उलट केलंत तर पुढे रूळ खाली घेतल्यावर फलाट जास्त उंच होतो आणि डबा घासायची भीती. वळणावर तर आडवी फट वेगळीच. डबा सरळ, फलाट वाकडा. आतल्या बाजूच्या फलाटाकडे डब्याचं पोट येतं, म्हणून कड मागे घ्यावी लागते आणि टोकाच्या दारांशी फट पडते. ती उंची वाढवून बुजत नाही.

लालबागकर: गर्दीत स्प्रिंगा दबून डबा खाली बसतो, तेही धरा.

खडी-रूळ: जुन्या कॉइल स्प्रिंगच्या रेकचं ते. एअर स्प्रिंगमध्ये फरशीची पातळी टिकते. अर्धवट माहितीवर ठोकू नका.

मूळ पोस्टवाला: बरं, फलाटाचं पटलं. सीएसएमटीच्या दोन फलाटांचंही. पण दोनपैकी एक स्टेशन जास्तच आहे, हे मी मागे घेत नाही.

शिवडी नाका: घेऊ नका. सकाळी दारूखान्याच्या बाजूच्या जिन्यावर उभे राहून मोजा फक्त.