अनुभव धागा : विकिपीडिया आणि खुल्या नकाशांवर लिहिताना ओळख किती उघडी ठेवावी?

गोवा एवढासा. खोटं नाव घेतलं, पण फेरफार आपलं गाव, तिथलं देऊळ आणि शाळा या तीनच लेखांत असले, तर वाड्यावरचं पोरही ओळखेल. कोण काय काळजी घेतं? कहाण्या नकोत, उपयोगाचं लिहा.

तिसवाडीकर : लॉग-इन न करता विकिपीडियावर लिहिलं की पूर्वी आयपी पत्ता (आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) पानाच्या इतिहासात उघडा पडायचा. आता तात्पुरतं खातं बनतं, ९० दिवस टिकतं. पत्ता फक्त प्रचालक (विकीची देखरेख करणारे सदस्य) वगैरे मोजक्यांना दिसतो. जुने पत्ते मात्र आहेत तिथेच आहेत.

सदस्यनाव बदलून मिळतं, पण नोंदींत जुनं नाव राहतं, चर्चापानांवरच्या सह्याही. तेव्हा इन्स्टाग्रामवरचं नाव इथे पहिल्या दिवसापासूनच नको. फोन नंबर चुकून लिहिला गेला तर नुसतं पुसून भागत नाही, जुनी आवृत्ती कुणीही उघडतो. आवृत्ती दडपण्याचा अधिकार असलेल्यांना खासगी इमेल करा. चर्चापानावर बोंब मारलीत तर सगळे आधी तो नंबरच बघायला जातील!

शेवरा : कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंचा सामाईक साठा) फोटो चढवताना त्यातले अक्षांश-रेखांशही जातात. चर्चचा, तळीचा फोटो असेल तर राहू देत, उपयोगाचे असतात. स्वतःच्या बाल्कनीतून टिपलेला पाऊस असेल तर आधी काढून टाका. नंतर साफ फाइल चढवली तरी जुनी आवृत्ती खाली राहते, ती वगळायची वेगळी विनंती करावी लागते.

पायवाट : ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून काढलेला खुला नकाशा) जीपीएस माग, म्हणजे फोनने नोंदलेली आपली वाट, 'खासगी' ठेवला तरी त्यातले बिंदू सुटे, बिननावाचे वापरले जातात. माग दारातून सुरू करू नका, तिठ्यावर पोचल्यावर करा. आणि नकाशावर पहिलं घर स्वतःचंच काढायचा मोह आवरा. बदलांच्या वेळाही सगळ्यांना दिसतात; रोज दुपारी दीड ते दोन म्हणजे ऑफिसातली जेवणाची सुट्टी, हे कळायला कितीसा वेळ लागतो?

तिसवाडीकर : झाकण्यालाही हद्द आहे. हॉटेलसाठी किंवा खाणवाल्यासाठी पैसे घेऊन लिहीत असाल तर पैसे कोण देतो ते सांगणं विकिपीडियाच्या अटींनुसार २०१४पासून बंधनकारक आहे. खरं नाव नाही सांगितलं तरी चालतं. कोर्टाचं वेगळं : २०२४मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेकडे संपादकांचे तपशील मागितले होते.

शेवरा : मराठी-कोकणी वादाच्या लेखांना हात लावणार असाल तर गावचे लेख दुसऱ्या खात्यावर ठेवता येतात. पण दोन्ही खाती एकाच चर्चेत, एकाच मतदानात आणलीत की दोन्हींवर बंदी येऊ शकते.