कौटुंबिक रहस्याची कादंबरी: गुपित नवव्या प्रकरणातच ओळखलं जातंय, काय करावं?

अर्धविराम:
कादंबरीचा दुसरा खर्डा हातात आहे. ३४ प्रकरणं, साधारण ८२,००० शब्द. कथानक थोडक्यात असं: तीन भावंडं. थोरली बहीण, मधला भाऊ, आणि १९७९ साली जन्मलेली धाकटी. वडील पूर्वीच गेलेत, २०१६ मध्ये आई जाते आणि घर आवरायला तिघं एकत्र येतात. गुपित हे की धाकटी ही प्रत्यक्षात थोरलीची मुलगी. थोरली तेव्हा १७ वर्षांची होती. निवेदक मधला भाऊ, प्रथमपुरुषी. त्याला हे चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे. उलगडा २९व्या प्रकरणात.

पाच जणांना खर्डा वाचायला दिला. चौघांनी नवव्या प्रकरणापर्यंत ओळखलं. पाचवीने ओळखलं नाही, पण शेवटी ती चिडली: "निवेदकाला माहीत होतं तर त्याने आम्हाला फसवलं." तीन प्रश्न आहेत.

१) गुपित आणखी खोल पुरू, की उलगडा अलीकडे आणू?
२) सगळं माहीत असलेल्या निवेदकाने गप्प राहावं, पण वाचकाशी लबाडी होऊ नये, हे वाक्याच्या पातळीवर कसं साधतात?
३) मुख्य धागा रक्तगटाचा आहे. आई ओ, वडील ए, धाकटी एबी. हे शास्त्राला धरून आहे ना?

पानखूण:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अलीकडे आणा, आणि बरंच अलीकडे.

तुमचं एक प्रकरण सरासरी २,४०० शब्दांचं आहे. नऊपासून एकोणतीसपर्यंत वीस प्रकरणं, म्हणजे जवळपास ४८,००० शब्द वाचक तुमच्या पुढे चालतोय आणि पुस्तक मात्र त्याला काहीच माहीत नसल्यासारखं वागतंय. कंटाळा इथे येतो. वाचकाने ओळखलं याचं वाईट वाटून घेऊ नका. थोरलीचं वय आणि धाकटीचं जन्मसाल शेजारी आलं की सराईत वाचक वजाबाकी करतोच. ती वजाबाकी लपवण्यासाठी धागे पुसायला लागलात तर २९वं प्रकरण आभाळातून पडल्यासारखं वाटेल.

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे आधी सांगितलं आणि माणसं तिथेच गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटांचा ताण. तुमच्या बॉम्बवर वाचकाची नजर पडलेलीच आहे, तर त्याला तो नीट दाखवा. बाराव्या प्रकरणाच्या शेवटी निवेदकाने सरळ सांगावं: मला माहीत आहे, आणि मी चौदा वर्षांचा असल्यापासून गप्प आहे. तिथून पुढे "गुपित काय" हा प्रश्न मागे पडतो आणि "धाकटीला कधी कळणार, कोणाकडून, आणि तोवर हे गुपित कोणाकोणाचा बळी घेणार" हा प्रश्न पुढे येतो. कौटुंबिक रहस्याच्या कादंबरीची खरी ताकद इथे आहे. दडवलेली गोष्ट एका वाक्यात सांगून संपते. ती दडवण्यासाठी घरातली माणसं रोज काय करतात, याला संपूर्ण पुस्तक पुरतं.

त्यासाठी एक तक्ता करा. आडव्या ओळीत पात्रं, उभ्या रकान्यात प्रकरणं. प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी: या पात्राला या क्षणी काय माहीत आहे, आणि ते कोणाला काय भासवतंय. सर्वांत खाली एक ओळ "वाचक" अशी. सलग तीन प्रकरणं वाचकाच्या ओळीत काहीच बदललं नाही तर त्यातलं एक प्रकरण काढता येतं. आणि एखाद्या पात्राच्या "भासवतो" या चौकटीत सलग पाच प्रकरणं तेच असेल, तर ते पात्र खोटं बोलत नाहीये, नुसतं गप्प बसलंय. खोटं जिवंत ठेवायचं तर त्याला अधूनमधून नवं काम पडलं पाहिजे. कोणीतरी साधा प्रश्न विचारतं आणि जुनं खोटं टिकवायला नवं सांगावं लागतं.

कानामात्रा:
दुसऱ्या प्रश्नावर. पानखूण म्हणतात तसं बाराव्या प्रकरणात सांगितलंत तर ही कसरत पहिल्या बारा प्रकरणांपुरती, म्हणजे २९,००० शब्दांच्या आसपास उरते. अठ्ठावीस प्रकरणांवर ती झेपली नसती.

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. नववा असा की गुप्तहेराच्या मित्राने, म्हणजे जो बहुधा गोष्ट सांगत असतो त्याने, मनात आलेला विचार वाचकापासून दडवू नये. हा नियम काटेकोर पाळला तर तुमचा निवेदक पहिल्याच पानावर सगळं सांगून टाकेल. म्हणून व्यवहारात जरा सैल नियम वापरतात: निवेदकाने काही वगळलं तर चालेल, पण घडलेल्या गोष्टीबद्दल असत्य विधान करू नये. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य खरं निघालं पाहिजे.

तीन वाक्यं पाहा.

"१९७९ साली आईला मुलगी झाली." हे खोटं आहे. तुमची पाचवी वाचक अशाच एखाद्या वाक्यावर चिडली असणार.

"१९७९ साली घरात बाळ आलं." खरं आहे, आणि पहिल्या वाचनात कोणी अडखळत नाही.

"त्या वर्षी आई बाळाला घेऊन आली. ताई चार दिवस मागाहून आली." हेही खरं. पण दुसऱ्या वाक्याला वजन आहे. पुढे लगेच एखादी हालचाल टाका, कोणी दार लावतं, कोणी दिवा मालवतं, म्हणजे वाचक त्यावर थांबत नाही. महत्त्वाचं वाक्य परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नका, शेवटचं वाक्य कानात राहतं. मध्ये ठेवा.

मराठीत दोन अडचणी खास आपल्या आहेत. एक, क्रियापदाला लिंग चिकटतं. "फोनवर कोणीतरी रडत होतं" असं नपुंसकलिंगी लिहून माणूस लपवता येतो, पण एकदाच. तिसऱ्यांदा केलंत की वाचक त्या "होतं"कडेच बघायला लागतो. त्यापेक्षा नाम बदला: "फोनवर रडण्याचा आवाज होता." दोन, नाती. निवेदक धाकटीचा भाऊ म्हणून वावरतो, पण खरं नातं मामाचं. हा शब्द पुस्तकभर कुठेही, दुसऱ्या कुटुंबाच्या संदर्भातसुद्धा, येऊ देऊ नका. मग धाकटी जेव्हा पहिल्यांदा त्याला "मामा" म्हणेल, किंवा म्हणता म्हणता थांबेल, तेव्हा त्या दोन अक्षरांना वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही. मराठीत लिहिण्याचा हा केवढा मोठा फायदा आहे! तो हातचा घालवू नका.

खर्डा संगणकावर असेल तर "आई" हा शब्द शोधा आणि धाकटीसंदर्भातलं प्रत्येक वाक्य तपासा. संवादात पात्रं खुशाल खोटं बोलू देत, अवतरणचिन्हांतलं खोटं त्या पात्राचं असतं. निवेदनातलं खोटं मात्र वाचक तुमच्या नावावर टाकतो.

गुणसूत्र:
तिसरा प्रश्न. शास्त्र बरोबर आहे, आणि त्यात तुम्ही वापरलंय त्याहून जास्त दडलंय.

ओ गटाची आई मुलाला ए किंवा बी यातलं काहीच देत नाही, त्यामुळे एबी गटाची धाकटी तिची नाही. पण रक्तगट फक्त नातं नाकारतो, सिद्ध करत नाही. खरी साखळी अशी: थोरलीला वडिलांकडून ए मिळाला, तो धाकटीत गेला, आणि बी बाहेरच्या पुरुषाकडून आला. आता हीच माहिती दुसऱ्या बाजूने पाहा. वडील ए, आणि एखादी अनोळखी बी गटाची स्त्री. याही जोडीला एबी मूल होऊ शकतं. म्हणजे "वडिलांचं बाहेर काहीतरी होतं" हा खोटा निष्कर्ष त्याच पुराव्यावर पूर्णपणे उभा राहतो. हुलकावणी देणारा धागा असाच हवा. खोटा पुरावा पेरायचा नाही, खऱ्या पुराव्याचे दोन अर्थ निघाले पाहिजेत.

डीएनए चाचणीत तर हे आणखी घट्ट होतं. धाकटीने हट्ट करून निवेदकाची आणि स्वतःची चाचणी केली असं समजा. सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्के डीएनए सामाईक असतो. इथे येईल २५ टक्क्यांच्या आसपास. आणि एका पालकाकडून सावत्र असलेल्या भावंडांत सरासरी २५ टक्के, मामा-भाचीतही सरासरी २५ टक्केच! अहवालात आकडा सेंटिमॉर्गनमध्ये, म्हणजे सामाईक डीएनए मोजण्याच्या एककात, येतो: दोन्ही नात्यांना साधारण १,७५०. सख्ख्या भावंडांना २,६०० च्या जवळपास, पालक-अपत्याला ३,४०० ते ३,५००. धाकटी १,७५० बघते, सावत्र भावंड असा अर्थ लावते आणि गेलेल्या वडिलांना दोषी धरते. निवेदकाला सत्य माहीत आहे आणि तो गप्प आहे. आजवर त्याचं मौन थोरलीला जपत होतं, आता ते मेलेल्या माणसाची अब्रू घेतंय. पानखूण म्हणतात तो बळी हाच.

अहवालात संभाव्य नात्यांची यादी येते, त्यात ही दोन्ही नाती असतात. ती यादी वाचकाला पूर्ण दाखवा. अनुवाद करताना "काका किंवा मामा" असं लिहावं लागलं तर कानामात्रांचा नियम मोडेल, म्हणून अहवाल इंग्रजीत आहे असं ठेवा आणि धाकटीने "अंकल" या ओळीवरून नजर पुढे नेली असं दाखवा.

खरं काय ते नक्की ठरतं थोरलीच्या चाचणीतून. तिचा आकडा ३,४०० च्या वर आला की सगळं संपलं. म्हणून थोरली नमुना द्यायला टाळत राहते, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं हवं.

इथे लेखक नेहमी चुकतात त्या जागा:

धाकटीला मुलगा करू नका. मुलगा असता तर वाय गुणसूत्र वडिलांचंच आहे का, हे निवेदकाच्या वायशी ताडून खोटा निष्कर्ष लगेच कोसळला असता.

एक्स गुणसूत्र विसरू नका. निवेदकाचा एकमेव एक्स आईकडून आलाय. धाकटी वडिलांची बाहेरची मुलगी असती तर दोघांचा एक्स जुळला नसता. ती थोरलीची असल्याने जुळू शकतो. काही कंपन्यांच्या अहवालात एक्स वेगळा दाखवतात, काहींच्या नाही. तुम्हाला हवं तर पंचविसाव्या प्रकरणाच्या सुमारास कोणा जाणकाराकडून हा धागा बाहेर काढा.

जन्माच्या वेळी, १९७९ मध्ये, यातलं काहीच शक्य नव्हतं हे लक्षात ठेवा. डीएनए फिंगरप्रिंटिंगचं, म्हणजे डीएनएवरून माणूस आणि नातं ओळखण्याचं, तंत्र ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये सापडलं. तेव्हाच्या मोठ्यांना भीती असेल तर ती रक्तगटाचीच असेल.

आणि कोणीतरी बॉम्बे रक्तगट काढणारच. १९५२ मध्ये मुंबईत नोंदला गेलेला हा दुर्मिळ गट साध्या चाचणीत ओसारखा दिसतो, पण त्या व्यक्तीत ए किंवा बीचा जनुक लपलेला असू शकतो. म्हणजे अशा "ओ" आईला एबी मूल होऊ शकतं. एका वाक्यात दार बंद करा: प्रयोगशाळेने एच प्रतिजन (रक्तपेशींवरचा हा घटक बॉम्बे गटात नसतो) तपासलं आणि ते होतं. किंवा उलट, थोरलीलाच दोन प्रकरणं या दुर्मिळ शक्यतेचा आधार घेऊ द्या. घाबरलेला माणूस असंच काहीतरी घट्ट धरतो.

अर्धविराम:
सर्वांचे मनापासून आभार. १,७५० चा दुहेरी अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता. एकच शंका: बाराव्या प्रकरणात सगळं सांगून टाकलं आणि धाकटीला सव्विसाव्यात कळलं, तर शेवटच्या आठ प्रकरणांत काय उरतं? सध्या तिथे आईचं पत्र आहे, सहा पानी.

पानखूण:
पत्र काढा. गेलेल्या माणसाच्या सहा पानी पत्रात सगळी उत्तरं सुबक क्रमाने येतात आणि खोलीतली जिवंत माणसं फक्त श्रोते होतात. ठेवायचंच असेल तर दहा-बारा ओळी, घाईत लिहिलेल्या, आणि त्यातून जुन्या उत्तराऐवजी नवा प्रश्न निघाला पाहिजे. उदाहरणार्थ: "तू अठरा वर्षांची झालीस तेव्हा ताई सांगायला तयार होती."

मग अडवलं कोणी? बाराव्या प्रकरणात निवेदकाने घराचं गुपित सांगितलं, स्वतःचं नाही. १९९७ मध्ये थोरलीला त्यानेच थांबवलं होतं. एक खरी गोष्ट कबूल केल्यामुळे वाचकाने त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, त्यामुळे दुसरी कोणी शोधत बसत नाही. पण पेरणी आधी करायला हवी, किमान तीन ठिकाणी. चौथ्या प्रकरणात १९९७ सालचा उल्लेख करताना तो विषय बदलतो. चौदाव्यात थोरली म्हणते, "तुझं ऐकलं तेव्हा." एकविसाव्यात धाकटीच्या अठराव्या वाढदिवसाचा फोटो सापडतो आणि त्यात थोरली नाही. तिन्ही जागी कानामात्रांची कसोटी लावा, वाक्य खरंच हवं.

कबुली तिसाव्यात, थोरलीच्या तोंडून नाही आणि पत्रातूनही नाही. धाकटीने त्याला सरळ विचारावं, आणि तिथे निवेदन आखूड ठेवा. पाचशे शब्द पुरेत. उरलेली चार प्रकरणं धाकटीला द्या, तिने या दोघांशी काय नातं ठेवायचं ते ठरवायला.