अकरा महिन्यांत चौथ्यांदा उन्हाळी लागली आहे : कल्चर, गोळ्या आणि शाळेतील एका किल्लीबाबत मदत हवी आहे

दुधनाकाठ

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ४१, दोन मुले, पाळी नियमित. गेल्या अकरा महिन्यांत मला चौथ्यांदा उन्हाळी लागली आहे आणि एवढे लिहीपर्यंत दोनदा उठावे लागले. गेल्यावर चार थेंब होतात, शेवटी चिरल्यासारखी कळ येते आणि उठून दोन पावले टाकली की पुन्हा लागल्यासारखे वाटते. ताप नाही, कुशीत दुखत नाही, अंगावरून पांढरे जात नाही.

पहिल्या वेळी मी चार दिवस अंगावर काढले आणि मग मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणल्या. दुसऱ्या वेळी तालुक्याच्या डॉक्टरांनी पाच दिवस सेफिक्झिम दिले. तिसऱ्या वेळी तीच चिठ्ठी दाखवून मी त्याच गोळ्या पुन्हा घेतल्या आणि बरे वाटताच तिसऱ्या दिवशी बंद केल्या; ही चूक माझी आहे, हे मान्य करते. प्रत्येक वेळी सोबत लघवीचे गुलाबी सिरप असतेच. लघवीची साधी तपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा पस सेल्स (पुवाच्या पेशी) २५ ते ३० आल्या. सोनोग्राफीत मूतखडा नाही, साखर नॉर्मल आहे. कल्चर, म्हणजे लघवीतील जंतू वाढवून तो कोणता आणि कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहण्याची तपासणी, मात्र एकदाही झाले नाही. मी विचारले तेव्हा ‘रिपोर्टला तीन दिवस लागतात, तोवर तुम्ही बऱ्याही व्हाल’ असे उत्तर मिळाले, आणि मी खरोखरच बरी झाले, सात आठवड्यांसाठी.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणत्याही डॉक्टरांनी मला विचारले नाही ती सांगते. सकाळी ९ ची एसटी पकडते ती संध्याकाळी साडेपाचला घरी येते. या साडेआठ तासांत मी लघवीला जात नाही आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. शाळेत शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह आहे, पण त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, कॅलेंडरखालच्या खिळ्याला असते. ती हरवू नये म्हणून तिला लाल नाडीने लाकडी फूटपट्टीचा अर्धा तुकडा बांधला आहे. कार्यालयात तीन शिक्षक आणि बहुतेक वेळा गावातील दोघे-चौघे बसलेले असतात; त्यांच्यामधून जाऊन किल्ली काढायची आणि तो पट्टीचा तुकडा हातात घेऊन मैदान ओलांडायचे, म्हणजे बाई कुठे निघाल्या हे पहिलीच्या मुलालाही कळते. आत नळ आहे, पण मार्चपासून टाकी कोरडी आहे, त्यामुळे हापशावरून बादली भरून न्यावी लागते. घरी नळाला नऊ दिवसांआड पाणी येते, म्हणून तिथेही हात राखूनच सगळे चालते.

मला विचारायचे आहे ते असे. या वेळी कल्चर केल्याशिवाय गोळी घेऊ नये का, आणि ते करायचे तर नमुना कसा द्यावा? पाणी वाढवल्याने खरेच फरक पडतो का? क्रॅनबेरीच्या गोळ्या महाग आहेत, त्या घ्याव्यात का? हा त्रास नवऱ्याकडून येतो का आणि त्यांनीही औषध घ्यावे का? सासूबाईंच्या मते हे सगळे ‘अंगातली उष्णता’ आहे आणि धन्याचे पाणी पुरे आहे. त्यांनाही वर्षातून दोन-तीनदा हाच त्रास होतो, पण त्या सांगत नाहीत.

मोसंबीबाग

ताई, मी जालन्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून केवळ नमुन्याबद्दल लिहितो. अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी नमुना द्यावा; एक-दोन गोळ्या झाल्या की जंतू दबतात आणि रिपोर्टमध्ये काहीच उगवत नाही. डबी लॅबमधूनच न्यावी. आमच्याकडे लोक खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली घेऊन येतात, आणि मग त्या बाटलीतले जंतू आम्ही मोजत बसतो. हात धुवावेत, जागा साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्यावी, पहिली धार जाऊ द्यावी आणि मधली धार डबीत घ्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये.

यानंतरची पायरी आपल्या भागात हमखास चुकते. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. सकाळी घरी घेतलेली डबी मे महिन्यात पिशवीत घालून एसटीने दुपारी आणली, तर वाटेत जंतू भराभर वाढलेले असतात आणि रिपोर्ट खोटा भीतीदायक येतो. घर लांब असेल तर लॅबमध्ये येऊनच नमुना द्यावा, नाहीतर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फाच्या पिशवीसोबत आणावा. ‘मिश्र वाढ’ असा शेरा आला तर बहुधा नमुना दूषित झालेला असतो. त्यावर औषध सुरू न करता दुसरा नमुना द्यावा.

लातूरची डॉक्टर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. येथे लिहिलेल्यावरून औषध ठरवू नये. पण तुमच्या डॉक्टरांशी काय बोलावे हे सांगता येईल.

सहा महिन्यांत दोन किंवा बारा महिन्यांत तीन वेळा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा मूत्रसंसर्ग म्हणतात, म्हणजे तुम्ही त्या व्याख्येत बसता आणि कल्चर मागणे हा हट्ट ठरत नाही. तुमच्या हकिकतीत औषधांची नावे आहेत, पण जंतूचे नाव कुठेच नाही. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो. तो आपल्याच आतड्यात राहतो, आणि स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असल्यामुळे त्याला मूत्राशय गाठायला फार वाटचाल करावी लागत नाही. तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून हे होत नाही, हे येथे मुद्दाम लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणी साबणाने आतपर्यंत धुऊन आलेल्या असतात. तसे करू नये. योनीत राखण करणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू असतात, ते त्याने मरतात. शुक्राणुनाशक जेली वापरत असाल तर तीही याच कारणाने बंद करावी.

नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांना भारतातील ई. कोलाय मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला आहे, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते. सेफिक्झिमबाबतही भरवसा उरलेला नाही, आणि ते २०१४ पासून एच-वन अनुसूचीत (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत) असल्याने जुन्या चिठ्ठीवर तुम्हाला मिळायलाच नको होते. मूत्राशयापुरत्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी ही औषधे अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणासोबत घ्यावे लागते आणि त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याने घाबरू नये. मात्र मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर ते चालत नाही. त्याच्यासोबत ते गुलाबी सिरप घेऊ नये. सिरपने लघवीतील आम्लता कमी होते, म्हणून जळजळ थोडी निवते, पण जंतू मरत नाहीत, आणि नायट्रोफ्युरँटॉइनला आम्लयुक्त लघवीतच नीट काम करता येते. कळ सहन होत नसेल तर रिपोर्टची वाट पाहत बसण्याची गरज नाही. नमुना देऊन त्याच दिवशी औषध सुरू करता येते आणि रिपोर्ट आल्यावर हवे तर बदलता येते.

पाण्याबद्दल : बल्गेरियात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. परभणीच्या उन्हाळ्यात घामाचे पाणी वेगळे मोजावे लागेल. सासूबाईंचे धन्याचे पाणी चालेल, कारण तेही पाणीच आहे. जंतू मारण्याचे काम त्याच्याकडून होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. लघवी तुंबवण्याबाबतचा पुरावा पाण्याइतका भक्कम नाही, तरी साडेआठ तास फार झाले. तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामे व्हायला हवे.

क्रॅनबेरीवरील ५० अभ्यासांचा २०२३ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका साधारण चौथ्या हिश्श्याने कमी झालेला दिसला. परवडत असेल तर घ्या. पण झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. डी-मॅनोज या एका प्रकारच्या साखरेची पावडर हल्ली फार खपवली जाते, तिच्यावर पैसे घालवू नका. ब्रिटनमधील ५९८ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या जवळजवळ सारख्याच निघाल्या.

हा आजार नवऱ्याकडून लागत नाही आणि त्यांना औषधाची गरज नाही. संबंधांच्या वेळी बाहेरचे जंतू आत ढकलले जातात, एवढाच त्याचा संबंध आहे. दर वेळी त्यानंतर दोन दिवसांतच त्रास सुरू होत असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण अशा स्त्रियांना संबंधांनंतर अँटिबायोटिकची एकच छोटी मात्रा देण्याची पद्धत आहे. एवढे करूनही त्रास थांबला नाही तर काही महिने रोज रात्री कमी मात्रेतील अँटिबायोटिक किंवा मेथेनामाइन हे पर्याय उरतात. मेथेनामाइन हे अँटिबायोटिक नाही, ते लघवीत जंतूंना मारणारे जंतुनाशक आहे, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तुलनेत फारसे उणे ठरले नाही.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा गर्भारपण असेल तर यातले काहीही लागू होत नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

नांदेडकर मावशी

दुधनाकाठ, तुमच्या सासूबाईंसाठी लिहिते. मी निवृत्त परिचारिका आहे आणि पाळी गेल्यानंतर मला स्वतःला दोन वर्षे हाच त्रास होता. आयुष्यभर इतरांना सलाईन लावले, पण स्वतःचे दुखणे सांगताना जीभ जड झाली. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी व पातळ होते आणि ते राखणदार जंतू नाहीसे होतात, हे मला शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावले आणि आत लावायचे इस्ट्रोजेनचे (स्त्री-संप्रेरकाचे) मलम दिले : दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. गुण यायला तीन महिने लागले, त्यामुळे आठ दिवसांत सोडून देऊ नये. यावर १९९३ सालीच अभ्यास झाला होता, मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा आणि न लावणाऱ्यांना ५.९ वेळा त्रास झाला होता. मी मात्र त्यानंतर किती वर्षे वॉर्डात बायकांना नुसते सिरप वाटत होते! स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

कयाधू

मी हिंगोली जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि तुमची फूटपट्टी वाचून हसू आले, कारण आमच्या किल्लीला खडूची रिकामी डबी बांधलेली होती. आम्ही तिघींनी अर्ज, विनंती वगैरे काही केले नाही. बाजारच्या दिवशी किल्लीवाल्याकडून ६० रुपयांत दुसरी किल्ली करून घेतली, ती बालवाडीच्या कपाटात ठेवली आणि मुख्याध्यापकांना नंतर सांगितले. ते ‘बरं केलंत’ म्हणाले. पाण्यासाठी झाकणाची टाकी ठेवली असून ती परिपाठाआधी भरली जाते. सहावी-सातवीच्या मुलीही दिवसभर पाणी पीत नव्हत्या, हे आमच्या त्यानंतर लक्षात आले.

दुधनाकाठ

सर्वांचे आभार. अकरा दिवसांनी लिहिते आहे. त्याच दिवशी परभणीला लॅबमध्ये जाऊन नमुना दिला आणि डॉक्टरांना धाग्यातले मुद्दे कागदावर लिहून दाखवले. ते रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी कागद वाचून नायट्रोफ्युरँटॉइन लिहिले आणि सिरप स्वतःच खोडले. रिपोर्टमध्ये ई. कोलाय एक लाखाहून अधिक आला. नॉरफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम या दोन्ही नावांसमोर ‘आर’ होता, म्हणजे ज्या गोळ्या मी वर्षभर गिळल्या त्यांना हा जंतू जुमानत नव्हता. तिसऱ्या दिवशी कळ थांबली, तरी गोळ्या पाच दिवस पूर्ण केल्या. सासूबाईंना पुढच्या सोमवारी नेणार आहे. उष्णतेचे मलम आहे असे सांगितल्यावर त्या तयार झाल्या.

किल्लीची नक्कल झाली आहे, तिला काही बांधलेले नाही. बाटली एक लिटरची नेते आणि मधल्या सुट्टीपर्यंत संपवते. एकच शंका आहे : जंतू पूर्ण गेले का हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करावे का?

लातूरची डॉक्टर

त्रास नसेल तर करू नये. लक्षणांशिवाय लघवीत जंतू सापडणे अनेक स्त्रियांमध्ये घडते, आणि गर्भारपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडल्यास त्यावर औषध देत नाहीत. दिले तर पुढचे जंतू आणखी चिवट होतात. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा कळ सुरू झाली तर मात्र गोळीआधी नमुना द्या आणि हा रिपोर्ट सोबत न्या. तोच जंतू तसाच परतला असेल तर तो आत कुठे दडून बसला आहे का, हे शोधावे लागते.