परावलंबी प्रदेशाच्या मालासाठी करसवलतीची बोलणी कोण करतो?

तापीकाठ (रावेर):
आमच्या भागातील केळी आखाती देशांत जाऊ लागल्यापासून परदेशातील आयातशुल्काची चर्चा थेट बांधावर होऊ लागली आहे, म्हणून एक शंका विचारतो. आपल्यासाठी दिल्ली बोलते, हे उघड आहे. परंतु जो प्रदेश स्वतंत्र देश नाही आणि ज्याची पालकसत्ता (म्हणजे त्यावर राज्य करणारा देश) एखाद्या व्यापारगटाची सदस्य आहे, त्याच्या मालाला सवलत मिळते ती कोणाच्या शब्दावर? कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटाची केळी युरोपात याच वाटेने जातात का?

खानदेशी वाचक (धुळे):
मार्टिनिक आणि शेजारचे ग्वाडेलूप बेट ही उदाहरणे आपल्या प्रश्नाला लागू होत नाहीत. १९४६ पासून ते फ्रान्सचेच विभाग आहेत, त्यामुळे त्यांची केळी गटाच्या आतली मानली जातात. आपला प्रश्न युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन करणाऱ्या १९५७ च्या रोम कराराच्या चौथ्या भागाशी निगडित आहे. आपल्या ताब्यातील प्रदेश समुदायाच्या सामाईक बाजारपेठेशी जोडून घ्यावेत, असा आग्रह फ्रान्सने धरला. त्यातून त्या प्रदेशांच्या मालावरील सीमाशुल्क सदस्य देशांत टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचे ठरले, आणि प्रदेशांना मात्र विकासासाठी किंवा महसुलासाठी स्वतःचे शुल्क आकारण्याची मुभा राहिली. याची किंमत इतरांनीही मोजली: या प्रदेशांसाठीच्या सुमारे ५८ कोटी हिशेबी एककांच्या (समुदायाच्या हिशेबापुरत्या चलनाच्या) विकासनिधीत फ्रान्सइतकाच, म्हणजे २० कोटींचा, वाटा पश्चिम जर्मनीने उचलला. त्याच जर्मनीने केळीवरील २० टक्के सामाईक शुल्कातून सूट मागून बाहेरची केळी आणण्यासाठी शुल्कमुक्त कोटा पदरात पाडून घेतला, हे आपल्या बागाईतदारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. या व्यवहारात प्रदेशांना स्वतंत्र पक्षकाराचे स्थान नव्हते.

भुसावळकर:
वरील उत्तर बरोबर आहे, पण एवढ्यावरून प्रदेश नेहमीच निमूट असतो असे समजू नये. ग्रीनलँडने १९७२ च्या मतदानात सुमारे ७० टक्क्यांनी विरोध नोंदवूनही डेन्मार्कबरोबर १९७३ मध्ये त्याला समुदायात जावे लागले. १९७९ मध्ये स्वशासन मिळाले, १९८२ मध्ये बाहेर पडण्याचा कौल लागला आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी तो बाहेर पडला. बोलणी औपचारिकपणे डेन्मार्कने केली, तरी खरे बळ ग्रीनलँडच्या समुद्राचे होते: समुदायाच्या नौकांना तेथे समाधानकारक मासेमारी करू दिली, तरच त्याची मासळी शुल्काविना घ्यायची, अशी अट लिहिली गेली. बाजारात माल तुटला की व्यापारी स्वतः केळीच्या कांदेबागेत येऊन भाव बोलतो, तसाच हा प्रकार.

तापीकाठ (रावेर):
आभारी आहे, भाऊ. मग पालकसत्ताच गटातून बाहेर पडली तर?

खानदेशी वाचक (धुळे):
दक्षिण अटलांटिक महासागरातील, ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांचे तेच झाले. ब्रिटन सदस्य असताना तेथील स्क्विड मासळी करमुक्त जात असे आणि तिचा मोठा भाग स्पेनच्या व्हिगो बंदरात उतरतो. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या ब्रिटन-युरोपीय संघ व्यापार करारातून ब्रिटनचे असे सागरपार प्रदेश वगळले गेले. तेव्हापासून त्या मासळीवर प्रकारानुसार ६ ते १८ टक्के शुल्क बसते. त्या समुद्रात स्पॅनिश भागीदारीच्या नौका असूनही सूट मिळाली नाही, कारण बोलणी करणाऱ्या लंडनच्या यादीत बेटांच्या मासळीपेक्षा मोठे विषय होते, असे मला वाटते.