शिफारशीची पॅकेजेस सरसकट बंद करावीत का? (डेबियन 12, लहान डिस्क)

फोंडा_लॅब
फोंड्यातल्या एका शाळेच्या लॅबसाठी जुन्या मशीनवर डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) घालायचं आहे. डिस्क 32 जीबीच. एक पॅकेज मागितलं की एपीटी (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) सोबत दहा आणतं. कॉन्फिगमध्ये रेकमेंड्स, म्हणजे शिफारशीची पॅकेजेस आपोआप आणणं, कायमचं 'फॉल्स' (बंद) केलं तर काय अडेल? मराठी-कोंकणी टायपिंग आणि नेटवर्कवरचा प्रिंटर चालायलाच हवा.

मांडवीकाठ
कायमचं बंद करू नका. पॅकेजसोबतच्या इतर पॅकेजेसचे तीन प्रकार असतात: डिपेंड्स (अत्यावश्यक) नसेल तर पॅकेज बसतच नाही, सजेस्ट्स (ऐच्छिक) आपोआप येत नाही. मधलं रेकमेंड्स म्हणजे नेहमीच्या वापरात लागणारी गोष्ट. ते गाळलं तरी इन्स्टॉल बिनबोभाट पार पडतं, नंतर एखादी सोय चालत नाही आणि कारण सापडत नाही.

तुमच्याच गरजा बघा. आयबसची (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) जीटीके मॉड्यूल्स, म्हणजे त्याला इतर प्रोग्रॅमशी जोडणारे भाग, रेकमेंड्समध्ये आहेत. ती नसली तर कीबोर्ड यादीत दिसेल, पण काही प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटणार नाही. कप्सबरोबर (छपाईची यंत्रणा) अवाही-डीमन (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारा प्रोग्रॅम) आला नाही तर नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप सापडत नाहीत. डब्ल्यूगेट (नेटवरून फायली उतरवणारा प्रोग्रॅम) सोबतचं सीए-सर्टिफिकेट्स (साइटची ओळख तपासायची प्रमाणपत्रं) आलं नाही की प्रत्येक एचटीटीपीएस पत्त्यावर प्रमाणपत्राची एरर!

म्हणून पॅकेजगणिक ठरवा. आधी 'एपीटी इन्स्टॉल -एस --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' आणि पॅकेजचं नाव. '-एस'मुळे काहीच बसत नाही, पण गाळलेली नावं 'रेकमेंडेड पॅकेजेस' खाली दिसतात. '-एस' काढून चालवताना त्यातली हवी ती त्याच कमांडमध्ये पुढे लिहा.

डिचोलीकर
त्यात एक भर. अशी हातानं लिहिलेली पॅकेजेस 'मॅन्युअल' म्हणून नोंदली जातात. मूळ प्रोग्रॅम काढला तरी ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजेस काढणारी कमांड) त्यांना हात लावत नाही. इन्स्टॉल झाल्यावर 'एपीटी-मार्क ऑटो' आणि त्यांची नावं द्या, म्हणजे ती पुन्हा 'आपोआप आलेली' म्हणून नोंदली जातात.

उलट बाजूनंही फसायला होतं. आधी आलेली रेकमेंड्स नंतर सेटिंग बदलून जात नाहीत. कोणी शिफारस करत असेल तोवर ऑटोरिमूव्ह ती ठेवतं, ती हातानंच काढावी लागतात.

जागेचीच अडचण असेल तर 'एपीटी-गेट क्लीन' आधी चालवा. एपीटी-गेट (एपीटीचीच जुनी कमांड) उतरवलेल्या फायली साठवून ठेवतं, 'क्लीन' त्या पुसतं. नुसतं 'एपीटी' इन्स्टॉल झाल्यावर त्या पुसतं.

मांडवीकाठ
बरोबर. आणि पावसाळ्यात यूपीएसशिवाय हे काम काढू नका. मध्येच वीज गेली तर आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'एपीटी -एफ इन्स्टॉल', दोन्ही सुडोनं (ॲडमिनच्या अधिकारानं). लॉक फाइल (एका वेळी एकच इन्स्टॉल चालू देणारी फाइल) पुसायच्या भानगडीत पडू नका.

फोंडा_लॅब
समजलं. सेटिंग आहे तसंच ठेवतो. आयबस आणि कप्स पूर्ण घेतो, बाकीची '-एस'नं बघून.